‘हाय नून’ दाखवायचा तर मध्यंतर नको

फिल्म क्लबने पहिला वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतला बंदुका-घोड्यांचा चित्रपट, निवडताना आधी लांबी पाहावी, नाव नंतर. सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ पावणेतीन तासांच्या घरात जातो. तो संपेपर्यंत चर्चेला थांबणारे निम्मे लोक गाडीची किल्ली हातात घेऊन उभे असतात. जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ दोन तासांचा आहे, पण त्यातल्या कोमांची या मूलनिवासी लोकांच्या चित्रणावर बोलायलाच एक वेगळी संध्याकाळ लागते. फ्रेड झिनेमान यांचा १९५२चा ‘हाय नून’ मात्र ८५ मिनिटांत संपतो. कृष्णधवल आहे, पडदा फार रुंद लागत नाही आणि त्यात वाद घालण्यासारखे इतके आहे की चर्चा ओढून-ताणून चालवावी लागत नाही.

आयोजकांना कथा माहीत हवी, म्हणून थोडक्यात: हॅडलीव्हिल नावाचे गाव, रविवारची सकाळ. मार्शल विल केन याने नुकतेच लग्न करून नोकरीचा बिल्ला उतरवला आहे. तेवढ्यात बातमी येते की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर दुपारी बाराच्या गाडीने परत येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर बसले आहेत. केन गावात दारोदार मदत मागत फिरतो. चित्रपटातला वेळ आणि आपल्या हातावरच्या घड्याळातला वेळ जवळजवळ बरोबरीने सरकतात. भिंतीवरची घड्याळे पुनःपुन्हा दिसतात ती त्यासाठीच. मध्येच ‘दहा मिनिटं चहा’ केला की हा हिशेब मोडतो आणि उरतो तो बऱ्यापैकी बेताचा गोळीबारपट. पुढची सगळी तयारी ही ८५ मिनिटे सलग जावीत, एवढ्यासाठी आहे.

तारीख आणि वेळ

नागपुरात सभागृह ठरवण्याआधी कॅलेंडर पाहा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते तेव्हा सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बॅरिकेड्स आणि मोर्चांमुळे अडतात, तिकडच्या हॉलवर खेळ ठेवू नका. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी असते. लक्ष्मीनगर, रामदासपेठ भागात पोहोचायचे तर तास जास्तीचा धरावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मारबतीची मिरवणूक असते. त्या दिवशी इतवारी-महालकडून कोणी वेळेवर येईल ही आशा सोडा. सीताबर्डीच्या जवळपास हॉल मिळाला तर उत्तम, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात.

हॉलला काळे पडदे नसतील तर सूर्य मावळण्याची वेळ हाच तुमचा खरा मालक. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो, तेव्हा साडेसहाचा खेळ आरामात होतो. मे-जूनमध्ये सातपर्यंत उजेड रेंगाळतो. सव्वासातच्या आत सुरू केलेत तर पडद्यावर राखाडी धुके दिसेल आणि लोक दोष प्रोजेक्टरला देतील.

हिवाळ्यात, आणि हॉल पूर्ण अंधारा होत असेल तरच, आणखी एक गंमत करता येते. रविवारी सकाळी दहाला तर्री-पोहे आणि बरोबर पावणेअकराला चित्रपट. बाराची गाडी पडद्यावर येते तेव्हा हॉलबाहेरही जवळपास बाराच वाजलेले असतात.

पडदा, अंतर, प्रकाश

या चित्रपटाची चौकट १.३७ : १ आहे, म्हणजे उंची सहा फूट धरली तर रुंदी सव्वाआठ फूट. जुन्या शाळा-कॉलेजांतला ८ बाय ६चा चौकोनी पडदा त्याला जवळपास नेमका बसतो. नवीन रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, राहू द्या. ते ‘भरून काढण्यासाठी’ कोणी रिमोटवरून वाइड किंवा झूम दाबले की केन झालेला गॅरी कूपर आडवा फुगतो किंवा त्याची टोपी कापली जाते. तपासायला या चित्रपटाइतका सोयीचा दुसरा नाही. घड्याळाची तबकडी समोरून दिसते असे दृश्य थांबवा आणि तबकडी फुटपट्टीने उभी-आडवी मोजा. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत.

अंतर काढताना बहुतेक लोक इथे चुकतात. प्रोजेक्टर १६ : ९चा असेल तर त्याचा थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी) त्याच्या पूर्ण चौकटीच्या रुंदीवर मोजायचा, चित्रपटाच्या चौकटीवर नाही. चित्र सहा फूट उंच हवे तर पूर्ण चौकट १०.७ फूट रुंद होते. थ्रो रेशो १.५ असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून १६ फुटांवर ठेवावा लागेल. सव्वाआठ फुटांवर हिशेब केलात तर तो सव्वाबारा फुटांवर ठेवाल आणि चित्र अपेक्षेपेक्षा दीड फूट बुटके येईल. मग ऐन वेळी टेबल मागे सरकवताना खुर्च्यांची एक रांग उठवावी लागते.

प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यरेषेवर ठेवा आणि कीस्टोन, म्हणजे तिरके पडलेले चित्र यंत्रातूनच सरळ करण्याची सोय, शून्यावर. कीस्टोन वापरले की चित्र सरळ दिसते खरे, पण पॅनेलचा, म्हणजे यंत्राच्या आत चित्र घडवणाऱ्या पट्टीचा, काही भाग वाया जातो आणि बारीक अक्षरे फुटतात. प्रोजेक्टरखाली पाट घाला, पुस्तके घाला, पण भिंग पडद्यासमोर सरळच हवे.

प्रकाशाचा ढोबळ हिशेब असा: अंधाऱ्या खोलीत ४८ चौरस फुटांच्या चित्राला साधारण ८०० लुमेन (उजेडाचे माप) प्रत्यक्ष पोहोचले तर सिनेमागृहासारखे दिसते. १६ : ९च्या प्रोजेक्टरमध्ये १.३७च्या चौकटीसाठी पॅनेलचा पाऊण भागच कामी येतो, जुना दिवा निम्मा मंदावलेला असतो आणि सिनेमा मोडमध्ये उजेड आणखी उतरतो. म्हणून खोक्यावर ३,००० लुमेन लिहिलेले यंत्र घ्या. व्हिव्हिड मोड बंद करा. रंगाची पातळी शून्यावर आणा, नाहीतर कृष्णधवल चित्राला निळसर किंवा गुलाबी झाक येते. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी आणि झिनेमान यांनी मॅथ्यू ब्रेडीच्या अमेरिकी यादवी युद्धातल्या फोटोंसारखे रूप मनात धरून आकाश मुद्दाम भगभगीत पांढरे ठेवले आहे. ते पाहून ब्राइटनेस कमी करायचा मोह आवरा. मे महिन्यातली बाराची वेळ पाहिलेल्या नागपूरकराला ते आकाश समजावून सांगावे लागत नाही. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारे मोशन स्मूदिंग आधी बंद करा.

पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी. बसलेल्या माणसाचे डोके साधारण तेवढ्याच उंचीवर येते आणि त्याच्या मागे सबटायटल्स लपतात. म्हणजे छत साडेदहा फूट तरी हवे. खुर्च्या एकामागे एक न लावता अर्ध्या खुर्चीने सरकवून लावा. पहिली रांग पडद्यापासून दहा-बारा फुटांवर, शेवटची पस्तीस फुटांच्या आत.

आवाज आणि कूलर

उन्हाळ्यात नागपुरात फिल्म क्लबचा मुख्य शत्रू कूलर. मोठा डेझर्ट कूलर पूर्ण वेगात असताना कुजबुजीचे संवाद पार बुडतात, आणि या चित्रपटात महत्त्वाचे बरेच काही हलक्या आवाजात बोलले जाते. शिवाय त्याच्या झोताने लोंबता पडदा हलतो, चित्र पाण्यावर तरंगल्यासारखे दिसते. उपाय साधे आहेत. खेळाच्या तासभर आधी कूलर पूर्ण वेगात चालवून हॉल गार करून घ्या. चित्रपट सुरू होताना वेग सर्वांत कमी करा आणि पंप चालू ठेवा. कूलर प्रेक्षकांच्या मागच्या बाजूला ठेवा आणि समोरची एखादी खिडकी पडद्याआडून उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडते. पडद्याच्या खालच्या कडेला जड काठी किंवा पाइप अडकवा. झोत प्रोजेक्टरवर येऊ देऊ नका. ओलसर हवा आणि वाळ्याचा चुरा दोन्ही भिंगाला वाईट.

चित्रपटाचा ध्वनी मोनो आहे. दोन टोकांना दोन स्पीकर लावून बाजूच्या खुर्च्यांवरच्या लोकांना आवाज एकाच कानात ऐकवण्यापेक्षा एक चांगला स्पीकर पडद्याखाली मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. बास थोडा उतरवा, मधल्या वरच्या पट्ट्या किंचित चढवा. संवाद मोकळे होतात. ब्लूटूथ वापरू नका, ओठ आणि आवाज यांची फारकत होते. स्पीकरमधून सतत ‘घुं’ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा आहे: लॅपटॉप, प्रोजेक्टर, स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा.

वीज क्षणभर जरी गेली तरी दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पेटत नाही. त्याला थंड व्हायला काही मिनिटे लागतात. म्हणजे दोन सेकंदांच्या झटक्याने तुमचे मध्यंतर होतेच. प्रोजेक्टर ३०० वॅटचा असेल तर एक केव्हीएचा यूपीएस पुरतो. हॉलला जनरेटर असेल तर यूपीएसला फक्त तो सुरू होईपर्यंतचा वेळ सांभाळायचा असतो. लेझर किंवा एलईडी प्रोजेक्टर पटकन पेटतो, तरी यूपीएस लावाच. खेळ थांबलाच तर दिवे लावू नका. अर्धा मिनिट मागे जाऊन पुन्हा सुरू करा.

प्रत, परवानगी, सबटायटल्स

भारतात चित्रपटाचे स्वामित्व प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालते. त्या हिशेबाने १९५२च्या चित्रपटाची मुदत २०१२ अखेर संपते. एवढ्यावर विसंबून मिळेल ती प्रत उतरवून दाखवू नका: संगीत आणि सबटायटल्स यांचे हक्क वेगळे असू शकतात, आणि ओटीटीचे घरगुती सदस्यत्व हॉलमध्ये खेळ करायला चालत नाही. डिस्क विकत घ्या, वितरकाला ईमेल करा, उत्तर जपून ठेवा. सार्वजनिक खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया या १९५९मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या संस्थेशी संलग्न होऊन खेळ सदस्यांपुरता ठेवणे हा रुळलेला मार्ग. सध्याचे नियम तिथूनच लेखी विचारून घ्या. दारावर तिकीट विकू नका, वर्षाची वर्गणी घ्या.

प्रत हातात आली की लांबी पाहा. ८५ऐवजी साडेएक्याऐंशी मिनिटे दिसली तर काहीही कापलेले नाही. ती सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी चालणारी युरोपीय डीव्हीडी आहे. अशा प्रतीला दुसरीकडून आणलेली सबटायटल्स सुरुवातीला जुळतात आणि हळूहळू मागे पडत शेवटी तीन-साडेतीन मिनिटांनी चुकतात. व्हीएलसीत जी आणि एच या कळांनी सबटायटल्स पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवता येतात, पण असा वाढत जाणारा फरक त्याने सुटत नाही. फाइलचा वेगच बदलून घ्यावा लागतो.

मराठी सबटायटल्स स्वतः करणार असाल तर फाइल यूटीएफ-८मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात. जोडाक्षरे आणि रफार नीट उमटतात का ते ज्या लॅपटॉपवर दाखवणार त्याच लॅपटॉपवर पाहा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पाच-सहा शब्द. संवाद पूर्ण उतरवायच्या फंदात पडू नका. टेक्स रिटरने गायलेले सुरुवातीचे गाणे मात्र भाषांतरित कराच, कारण पुढची अर्धी गोष्ट ते आधीच सांगून टाकते. हेलन रामिरेझ आणि केन यांच्यात स्पॅनिशमध्ये दोन-तीन वाक्ये होतात. बऱ्याच सबटायटल्समध्ये ती सुटलेली असतात. वर्षभर भेट नाही, एवढेच ते बोलतात, पण त्या दोघांचे जुने नाते तिथेच कळते.

सुरू करण्याआधी

प्रास्ताविक पाच मिनिटांचे. वर्ष, दिग्दर्शक, ‘घड्याळांकडे लक्ष ठेवा’, ‘मध्यंतर नाही, पाणी आत्ताच पिऊन घ्या’, बस. कुरकुरीत पाकिटे आत नकोत. शेवट सांगू नका. आणि सर्वांत मोहाची गोष्ट, म्हणजे अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी चौकशीचा संदर्भ, आधी अजिबात देऊ नका. तो दिला की लोक चित्रपट पाहणे सोडून रूपक सोडवत बसतात. प्रत्येक बंद दारावर एक राजकीय चिठ्ठी चिकटवतात आणि दारामागे बायकोला ‘ते घरी नाहीत’ म्हणायला लावणारा माणूस त्यांना दिसतच नाही.

पाच सदस्यांना एकेक काम वाटून द्या, जास्त जणांना नको. एकाने घड्याळे पाहायची, एकाने गाणे कधी परत येते ते, एकाने हेलन रामिरेझ, एकाने केनला कोण कोणत्या शब्दांत नकार देतो ते, आणि एकाने कॅमेरा. चर्चेला हेच पाच जण तेल घालतात.

चर्चा

चित्रपट संपल्यावर दिवे हळू वाढवा. चहा जागेवरच फिरवा. लोकांना बाहेर टपरीवर पाठवलेत तर तिकडेच चर्चा होऊन जाते आणि निम्मे परत येत नाहीत. खुर्च्या वळवून अर्धवर्तुळ करा. पंचेचाळीस मिनिटे पुरेत, एका माणसाला एका वेळी दोन मिनिटे. कोणी हिंदीत बोलले तर बोलू द्या, हे नागपूर आहे.

‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचे उत्तर ‘छान होता’ असते आणि पुढे सगळे छताकडे पाहतात. विचारा: आता कोणीच येणार नाही, हे तुम्हाला नेमके कुठे कळले? कोणी म्हणेल, न्यायाधीश तराजू आणि झेंडा गुंडाळून निघतो तिथे. कोणी म्हणेल, मदतीला तयार झालेला हर्ब बेकर आपण एकटेच आहोत हे कळल्यावर माघार घेतो तिथे. कोणी चर्चचे नाव घेईल. वेगवेगळ्या जागा आल्या की वाद आपोआप सुरू होतो, आणि तो पडद्यावर दिसलेल्या गोष्टीवरचा असतो.

चर्चचा प्रसंग नीट उलगडा. तिथे कोणी खलनायक नाही. प्रत्येकाचे म्हणणे ऐकताना पटण्यासारखे आहे: पोलिसांना पगार कशासाठी देतो, हा केनचा आणि मिलरचा खासगी मामला, मुलांना आधी बाहेर पाठवा. गावातला वजनदार माणूस जोनास हेंडरसन तर केनची तोंड भरून स्तुती करतो आणि त्याच भाषणाच्या शेवटी त्याला गाव सोडायला सांगतो. इथे ‘शोले’ निघणारच. निघू द्या, पण कामाला लावा. अहमदचे प्रेत गावात आल्यावर रामगढची माणसेही जय-वीरूला हाकलायला निघतात. त्यांना थांबवतो तो ज्याचा मुलगा गेला आहे तो इमाम. हॅडलीव्हिलच्या चर्चमध्ये असा माणूस का नाही? ज्याचे आधीच सगळे गेले आहे असा कोणी तिथे बसलेलाच नाही, हे एक उत्तर. दुसरी उत्तरे सभेतून येतील. सलीम-जावेद यांचे इतर संवाद म्हणून दाखवायला कोणी उठला तर सूत्रधाराने हसून पुढच्याला माइक द्यावा.

मग दोन तुकडे पुन्हा दाखवा. त्यांच्या वेळा आधी कागदावर लिहून ठेवा, शोधत बसलात की बैठक मोडते. पहिला, बाराला काही मिनिटे उरली असतानाचा: लंबक, रिकामी खुर्ची, एकेक चेहरा, आणि गाडीची शिटी. या संकलनाला ऑस्कर मिळाले. आवाज बंद करून एकदा आणि आवाजासह एकदा दाखवा. दिमित्री तिओमकिनचे संगीत काटे कसे पुढे ढकलते ते लगेच कळते. दुसरा, केन रस्त्यात एकटा उभा आहे आणि कॅमेरा क्रेनवरून वर वर जातो तो. तोवरचा बहुतेक चित्रपट माणसांच्या जवळून पाहिलेला असतो, म्हणून ती उंची अंगावर येते.

केनची नवी बायको एमी हिच्यासाठी वेळ राखून ठेवा. ती क्वेकर, हिंसा न मानणारी, आणि तीच पाठीमागून गोळी झाडते. तिचे तत्त्व हरले की नवऱ्यावरची माया जिंकली, यावर सभेचे दोन तट पडतात. सूत्रधाराने निकाल देऊ नये. हेलन रामिरेझची भूमिका करणाऱ्या कॅटी हुरादोला गोल्डन ग्लोब मिळाले होते. मेक्सिकन बाई, स्वतःचा धंदा, तो विकून गाव सोडण्याचा निर्णयही स्वतःचा. १९५२च्या वेस्टर्नमध्ये हे फारसे दिसत नसे. या दोघींवर बोलायला बायकांना माइक आधी द्या.

आता शेवटच्या दहा मिनिटांत पटकथाकार कार्ल फोरमनची गोष्ट सांगा. चित्रपटाचे काम चालू असतानाच, १९५१मध्ये, त्याला त्या कम्युनिस्टविरोधी चौकशीत अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलावले गेले, त्याने सहकाऱ्यांची नावे दिली नाहीत, हॉलिवूडची दारे बंद झाली आणि तो इंग्लंडला गेला. हे ऐकल्यावर चर्च, न्यायाधीश, केनने शेवटी धुळीत टाकलेला बिल्ला हे सगळे पुन्हा नव्याने दिसते, आणि ते लोकांनी स्वतः जोडलेले असते. चर्चा आजच्या राजकारणावर घसरली तर ‘कोणत्या प्रसंगावरून हे म्हणता?’ एवढाच प्रश्न पुरतो. प्रसंग सांगता आला तर बोलणे रास्त आहे, नाहीतर पुढचा हात.

दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत प्लग ओढू नका. ही घाई बॅगा भरताना नेहमी होते आणि दिवा त्यातच लवकर मरतो.

पुढच्या महिन्याला ‘रिओ ब्राव्हो’ ठेवा. त्यातला नायक जॉन वेन आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना गावभर मदत मागत फिरणारा मार्शल मुळीच मानवला नव्हता. १९५९चा हा चित्रपट त्यांनी उत्तर म्हणूनच केला. मात्र तो १४१ मिनिटांचा आहे आणि रंगीत. चौकट १.८५ची, म्हणजे टेबलाची जागा, पडदा आणि वेळ तिन्ही बदलतील. हॉल अंधारा होत असेल तर साडेसहाचा खेळ पावणेसहावर आणा आणि हॉलवाल्याला दहापर्यंतचे भाडे आधीच विचारून ठेवा.